बरणी उघडून बघता का?

आपल्या कारंजा गावात लिनक्स वापरणारे थोडे आहेत, पण आहेत. आजचं बोलणं त्यांच्याशी, आणि थोडं रागावूनच.

डेबियन या लिनक्स वितरणाची ट्रिक्सी ही स्थिर आवृत्ती 9 ऑगस्ट 2025 ला आली. तुम्ही ती घातली आणि लगेच कुरकुर: यातलं सगळं जुनंच आहे! अहो, जुनं नाही, मुरलेलं आहे. आज मिठात घातलेल्या कैरीच्या फोडी उद्या कोणी लोणचं म्हणून वाढतं का? ताजं पॅकेज आधी सिडमध्ये, म्हणजे अनस्टेबलमध्ये पडतं. तिथून टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढची स्थिर आवृत्ती जिथे मुरते तिथे, यायला साधारण 5 दिवस. घाईचं असेल तर 2, निवांत असेल तर 10. मधेच कोणी नवी दुरुस्ती चढवली की दिवस पुन्हा पहिल्यापासून. बरणीत ताज्या फोडी टाकल्या, मग मुरायला परत वेळ द्यायचा, तसंच. शिवाय ठरलेल्या सगळ्या जातींच्या प्रोसेसरवर ते बांधलं गेलं पाहिजे आणि आधीच्यापेक्षा नवे गंभीर दोष नकोत. हे सगळं तपासून पॅकेज पुढे सरकवतो ब्रिटनी नावाचा प्रोग्रॅम.

माझं दुखणं इथेच आहे. ब्रिटनी दिवस मोजते, नोंदलेल्या तक्रारी बघते. तक्रार नसेल तर तिच्या लेखी सगळं ठीक. पण बरणी उघडून चव कोणी घेतली? आपोआप चालणाऱ्या चाचण्या असतात, नाही असं नाही. पण ‘सातबाऱ्यावर’ शब्दातला ऱ्य फुटला, ‘शेतकऱ्यांना’ छापताना र पाय मोडून वेगळा पडला, किंवा मराठी वळणाचा ल आणि श जाऊन हिंदी वळणाचे आले, तर जर्मनीत बसून पॅकेज सांभाळणाऱ्याला ते कसं दिसणार? ते तुम्हालाच दिसणार. आणि तुम्ही काय करता? शेजाऱ्याला सांगता! गावभर सांगता, फक्त डेबियनला सांगत नाही.

पुन्हा सांगतो, कारण हे निसटतं: तुम्ही गप्प राहिलात तर तिकडे होकार धरला जातो. प्रत्येक तक्रारीने पॅकेज अडत नाही, हे खरं. अडतं ते गंभीर दोषानं. पण आवृत्ती गोठवण्याआधी कळलं तर सांभाळणाऱ्याला दुरुस्त करायला वेळ मिळतो. एकदा गोठवलं की झाकण लागलं. मग सुरक्षेच्या आणि तशाच महत्त्वाच्या दुरुस्त्या सोडल्या तर फारसं काही आत जात नाही, आणि पुढची आवृत्ती साधारण दोन वर्षांनी. तोवर तोच फुटका ऱ्य!

असो. एवढंच करा: जुन्या एखाद्या संगणकावर टेस्टिंग चढवा, आपली रोजची मराठी कागदपत्रं त्यावर छापून बघा, आणि बिघडलं तर रिपोर्टबग हा प्रोग्रॅम चालवून पॅकेजचं नाव, आवृत्ती आणि नेमका शब्द कळवा. इंग्रजी मोडकंतोडकं चालतं. चित्र जोडलं तर आणखी बरं.