न सांगता रांगेत उभे राहणारे रेणू

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



द्रवात बुडालेल्या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर सेंद्रिय रेणू आपली आपण रचना कशी करतात, हा आजचा विषय. तो ऐकून काहींच्या कपाळी आठ्या पडल्या असतील. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. तेव्हा परिभाषेचा बोजा आपणांवर फारसा पडणार नाही, एवढे आश्वासन देतो.

१९४६ साली वॉशिंग्टन येथील अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत बिगेलो, पिकेट व झिस्मन या तिघांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तेलासारख्या एका द्रवात लांब साखळीचे अल्कोहोल थोडेसे विरघळवून त्यांनी त्यात प्लॅटिनमचा स्वच्छ पत्रा बुडविला. बाहेर काढला तो कोरडा! ज्या द्रवात तो बुडाला होता, तोच द्रव त्याला चिकटेनासा झाला होता. पत्र्यावर अवघ्या एका रेणूच्या जाडीचा थर आपोआप बसला होता.

या शोधाकडे पुढे जवळजवळ साडेतीन दशके फारसे कोणी वळून पाहिले नाही. आपण अधिकारी मंडळी एखाद्या प्रस्तावावर ‘उपयोग काय?’ असा शेरा मारून कागद परत पाठवितो, तशीच त्याची गत झाली. १९८० मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील सागिव यांनी काचेसारख्या पृष्ठभागांवर आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील नुझो व अलारा यांनी सोन्यावर असे थर बसवून दाखविले, तेव्हा कोठे या विषयाला बहर आला.

सोन्याचेच उदाहरण घेऊ. येथे वापरावयाच्या रेणूच्या एका टोकाला गंधकाचा अणू असतो आणि त्यामागे दहा ते वीस कार्बन अणूंची शेपटी. गंधकाला सोन्याची ओढ मोठी. अशा रेणूंच्या अगदी पातळ द्रावणात सोन्याचा मुलामा दिलेली काच बुडवून ठेवली की काही मिनिटांतच पृष्ठभाग बराचसा व्यापला जातो. परंतु व्यापणे वेगळे आणि नीट रांग लागणे वेगळे. त्याला कित्येक तास लागतात.

बाजाराच्या दिवशीची एसटी आठवा. पहिला उतारू बाकावर ऐसपैस आडवा होतो. गर्दी वाढली की पाय आवरतो, उठून बसतो आणि शेवटी सारेच खांद्याला खांदा लावून उभे राहतात. रेणूंचेही तसेच आहे. आरंभी ते सोन्यावर आडवे पडतात. संख्या वाढली की उभे होतात. शेजारच्या शेपट्यांमध्ये परस्परांविषयी सौम्य आकर्षण असल्याने सगळे मिळून सुमारे ३० अंशांनी एकाच बाजूस कलतात. दोन गंधक अणूंमधील अंतर सुमारे अर्धा नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा वीस लाखावा भाग. एका चौरस सेंटीमीटरवर साडेचार कोटी गुणिले एक कोटी इतके रेणू उभे राहतात, आणि त्यांना रांगेत लावणारा कोणी हवालदार नसतो!

मग भोवतालच्या द्रवाचे काम काय? माझ्या मते या प्रकरणाचे मर्म येथेच आहे. सोन्याशी जडलेले नाते पक्के असले तरी अगदीच न सुटणारे नसते. चुकीच्या जागी बसलेला रेणू सरकू शकतो, सुटून द्रवात परतू शकतो आणि त्याची जागा द्रवातील दुसरा घेतो. पहिली बैठक कायमची ठरली असती, तर अशी रांग लागलीच नसती.

शिक्षक मित्र येथे हरकत घेतील की निसर्गाचा ओढा तर अव्यवस्थेकडे असतो. हरकत रास्त आहे. पण पंचायतीचा जमाखर्च एकाच पानावरून तपासता येत नाही. गंधक सोन्याला चिकटताना उष्णता बाहेर पडते आणि ती भोवतालच्या द्रवात पसरते. रांगेत जेवढी व्यवस्था येते, तिच्याहून अधिक अव्यवस्था बाहेर वाढते. हिशेब जुळतो.

गंमत अशी की, याच जातीचे एक तंत्र खाणउद्योगात १९२० च्या दशकापासून चालू आहे. आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे. तेथील दगडात तांबे शेकडा एकच्या आसपास. तो दळून पाण्यात कालवितात व त्यात झँथेट नावाचे सेंद्रिय द्रव्य अल्प प्रमाणात घालतात. त्याचे गंधकाचे टोक तांब्याच्या खनिजाला धरते. पाण्याला नाक मुरडणारी शेपटी बाहेर राहते. खाली हवेचे बुडबुडे सोडले की हे कण त्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि बहुतेक दगड खाली राहतो. येथे रांग सोन्यावरच्याइतकी शिस्तीची नसते, पण कामाला तेवढी पुरते.

१९९३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील अमित कुमार व जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी तर चक्क रबरी शिक्का वापरला! आपल्या कचेरीत शाई लावून शिक्का मारतात, तसा या रेणूंच्या द्रावणाचा शिक्का सोन्यावर मारला. जेथे शिक्का उमटला तेथे थर बसला. उरलेले उघडे सोने रसायनाने काढून टाकले. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या बारीक रेघा अशा रीतीने उमटविता आल्या. शेपटीच्या मोकळ्या टोकाला हवा तो रासायनिक गट जोडता येतो. त्यावर प्रतिपिंड बसविले की रक्तातील ठराविक प्रथिन हुडकणारी चकती तयार होते. अशा चकत्या आज प्रयोगशाळांतून वापरल्या जातात.

त्या खेड्यातील दवाखान्यात सर्रास का नाहीत, असे आपण विचाराल. सोन्यावरचा हा थर नाजूक असतो. उघड्या हवेत गंधकाचे ऑक्सिडीकरण होऊन काही आठवड्यांत तो विस्कटू लागतो. तापविला तर सुटून येतो. मुळात सोन्यावर बोटाचा डाग असला तरी त्या जागी रांग बिघडते. उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याच्या छपराखाली टिकेल असा थर बनविणे, हे संशोधकांपुढील काम आहे.