हात धुवायचे, पण पाणी कुठे?
(राहुरी येथे बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)



2020 साली कोरोना आला तेव्हा कडुनिंब, तुरटी, कापूर उकळून घरी सॅनिटायझर करायच्या कृती घरोघरी पसरल्या. पण जंतू मारायला त्यात निदान 60 टक्के अल्कोहोल लागते. ते आपल्या स्वयंपाकघरात नसते. स्पिरिट आणून मिसळू नका. त्यात मिथेनॉल असेल तर विषबाधा होते आणि चूल जवळ असेल तर भडका उडतो.

त्याच वर्षी राज्यातल्या साखर कारखान्यांनी मळीच्या अल्कोहोलपासून सॅनिटायझर केले. ज्या बाईने ऊस तोडला, तिच्या कोपीपाशी हात धुवायला पाण्याची सोय क्वचितच असते. मातीने भरलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट चालतही नाही.

घरी करायचेच, तर साबणाचे पाणी करा. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे कपडे धुण्याची पावडर, बाटलीच्या झाकणाला भोक. 20 सेकंद हात चोळा, मग धुवा.

आता पाणी. मुळा धरण याच तालुक्यात आहे, पण हंडा बाईच्याच डोक्यावर. म्हणून ग्रामसभेत नळ मागू, कारखान्याकडे कोप्यांजवळ टाकी मागू. ‘हात धुवा’ म्हणणाऱ्याला आधी विचारू, पाणी कोण देणार?