पश्चिमेची वाट

१८४३ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेच्या मिसूरी संस्थानांतील इंडिपेंडन्स गांवाजवळून सुमारें हजार माणसांचा एक तांडा निघाला. जावयाचें होतें ऑरेगॉनला. वाट सुमारें दोन हजार मैलांची, प्रवास पांच-सहा महिन्यांचा. बैलगाड्यांत पीठ, खारवलेलें मांस, अवजारें आणि बियाणें; माणसें बहुधा पायींच चालत. बसलेली घडी मोडून हे लोक असल्या साहसास कां प्रवृत्त झाले?

सोन्याच्या लोभानें, असें उत्तर पुष्कळदां मिळतें. परंतु कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें तें १८४८ च्या जानेवारींत. त्यापूर्वीं निघालेल्या या तांड्याला ओढ होती ती जमिनीची. १८३७ सालीं व्यापारावर मोठें अरिष्ट कोसळलें. पेढ्या बुडाल्या, पुढें धान्याचे भाव उतरले आणि शेतकरी कर्जांत रुतला. पूर्वेकडील कित्येक जुन्या शेतांचा कस गेला होता. बापाच्या शेताचे चार मुलांत वांटे केले, तर एकाचेंही पोट भरेना. मिसिसिपीच्या खोऱ्यांत हिवताप माणसांना जर्जर करी. ऑरेगॉनची भूमि मात्र सुपीक व हवा निरोगी, अशीं वर्णनें वर्तमानपत्रांतून येत. तथापि अगदीं निष्कांचनास ही वाट मोकळी नव्हती. गाडी, बैल व शिधा यांना बरेंच द्रव्य लागे. निघे तो बहुधा मध्यम स्थितीचा शेतकरी. आहे तें विकून अधिक मिळवूं पाहणारा.

कांहीं धर्मासाठींही निघाले. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याची १८४४ सालीं जमावानें हत्या केली. तेव्हां त्याचे अनुयायी छळास कंटाळून १८४७ सालीं सॉल्ट लेकच्या रुक्ष खोऱ्यांत जाऊन राहिले.

पुढें सरकारनेंच या ओढीला कायद्याचें बळ दिलें. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानें, पांच वर्षें राहून जमीन कसणारास १६० एकर जमीन नाममात्र शुल्कांत मिळूं लागली. १८६९ सालीं पूर्व-पश्चिम जोडणारा लोहमार्ग पुरा झाला आणि महिन्यांची वाट दिवसांवर आली.

परंतु सरकार वांटीत होतें ती जमीन ओस नव्हती. तेथें मूळ रहिवाशांच्या अनेक जमाती पिढ्यान्‌पिढ्या नांदत होत्या. १८६८ च्या तहानें ब्लॅक हिल्स हा डोंगराळ प्रदेश सू जमातींच्या राखीव मुलखांत ठेवण्यांत आला. १८७४ सालीं तेथें सोनें सांपडलें, आणि १८७७ सालीं तो त्यांच्याकडून हिरावून घेतला गेला. त्याबद्दल भरपाई दिली पाहिजे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं दिला. सू लोकांनीं ती रक्कम नाकारली. त्यांचें मागणें जमिनीचें होतें.

पैशानें जमिनीची भरपाई कां होत नाहीं, हें १८४३ सालीं इंडिपेंडन्सहून निघालेल्या शेतकऱ्याला कोणीं समजावून सांगावें लागलें नसतें.