मुलाची जबानी आणि मोठ्यांचा प्रश्न

(रेडिओवरील भाषण)



बालकांवरील अत्याचाराच्या गुन्ह्यास बहुधा तिसरा साक्षीदार नसतो. दार लावलेले असते, आरोपी घरातला किंवा ओळखीतला असतो, वैद्यकीय तपासणीत पुष्कळदा काहीच आढळत नाही, आणि मग तपासाची सारी भिस्त सहासात वर्षांच्या एका मुलाच्या बोलण्यावर येऊन पडते. त्या मुलाविषयी कनवाळूपणे चार शब्द बोलावेत असे कोणालाही वाटेल. मला मात्र आज त्याच्यासमोर बसलेल्या प्रौढ माणसाविषयी, म्हणजे जबाब नोंदवणाऱ्या फौजदारबाईंविषयी, दंडाधिकाऱ्यांविषयी, डॉक्टरांविषयी आणि समुपदेशकांविषयी बोलायचे आहे. मूल काय सांगते हे फार मोठ्या अंशी त्याला काय व कसे विचारले यावर अवलंबून असते, आणि असे विचारणे ही शिकावी लागणारी विद्या आहे, ही गोष्ट आपल्याकडे म्हणावी तितकी कोणी मनावर घेतलेली नाही.

आपल्या कायद्याने या कामी हयगय केली, असे म्हणता येणार नाही. १९५२ च्या निर्णयसंग्रहात सर्वोच्च न्यायालयाचा एक निवाडा आहे: राजस्थानातील आठ वर्षांच्या एका मुलीची साक्ष शपथ न देता नोंदली गेली, म्हणून ती बाद समजावी काय, असा त्यात वाद होता, आणि पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, शपथेच्या अभावामुळे साक्षीदाराची पात्रता जात नाही, फार तर साक्षीच्या विश्वसनीयतेचा विचार करावा लागतो, असे ठरवले. १९९७ मध्ये महाराष्ट्रातूनच वर गेलेल्या एका खटल्यात, मूल पढवलेले नाही अशी खात्री पटल्यास केवळ त्याच्या साक्षीवरही आरोपीस दोषी ठरवता येते, हे तत्त्व पुन्हा सांगितले गेले. पुढे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरला अमलात आला; त्याने जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षकाच्या हुद्द्याहून कमी नसलेल्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, विश्वासातील माणसाच्या समक्ष नोंदवावा असे फर्मावले, आणि न्यायालयातही वकिलांनी आपले प्रश्न मुलावर थेट न टाकता न्यायाधीशांमार्फत विचारावेत अशी तजवीज केली. इतकेच काय, पोलीस व इतर संबंधितांना मुदतीमुदतीने प्रशिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी त्याच अधिनियमाच्या ४३ व्या कलमाने सरकारवर टाकली आहे.

परंतु कायद्याने जागा ठरवली, पोशाख ठरवला, हुद्दा ठरवला, तरी फौजदारबाईंच्या तोंडून निघणारे वाक्य कायदा कसे ठरवणार? आणि सगळे घोडे अडते ते त्या वाक्यापाशीच.

प्रश्नामुळे उत्तर बिघडते हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बुद्धिमापनाच्या कसोट्यांमुळे आपल्याकडे परिचित असलेले फ्रान्सचे आल्फ्रेड बिने यांनी मुलांच्या सूचनावशतेवर १९०० सालीच एक ग्रंथ लिहिला होता. या ज्ञानाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत कशी मोजावी लागते, हे कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालशाळेच्या प्रकरणाने जगास दाखवले. १९८३ साली एका आईने तक्रार केली. पोलिसांनी इतर पालकांना पत्रे धाडून आपापल्या मुलांकडे चौकशी करावयास सांगितले. आणि पुढे शेकडो मुलांच्या मुलाखती बाहुल्यांच्या साहाय्याने घेण्यात आल्या, ज्यांत बाकीच्या मुलांनी आधीच सगळे सांगून टाकले आहे असे मुलास ऐकवले जाई, होकार देणाऱ्याची पाठ थोपटली जाई आणि नकार देणाऱ्यास तोच प्रश्न फिरून विचारला जाई. सात जणांवर आरोप ठेवले गेले, खटला १९९० पर्यंत रेंगाळला, आणि एकाही आरोपीस शिक्षा झाली नाही. त्या मुलांपैकी कोणावर खरोखर काही गुदरले होते की नाही, हे कळण्याची वाटच त्या मुलाखतींनी बुजवून टाकली, आणि माझ्या मते या प्रकरणातील खरी हानी हीच होय.

१९९८ साली गार्व्हन, वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मुलाखतींतील पद्धती प्रयोगास लावून पाहिल्या. एक अनोळखी पाहुणा बालशाळेत येऊन मुलांना गोष्ट सांगून गेला, आणि आठवड्यानंतर त्याने न केलेल्या गोष्टींविषयी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना विचारण्यात आले. ज्यांना नुसते सूचक प्रश्न विचारले त्यांच्यातील चुकीच्या होकारांचे प्रमाण १७ टक्के निघाले. ज्यांच्या बाबतीत त्या प्रश्नांना शाबासकीची, नाराजीची आणि ‘बाकीच्यांनी तर सांगितलं’ या दाखल्याची जोड दिली, त्यांच्यात ते ५८ टक्क्यांवर गेले, आणि तेही जेमतेम पाच मिनिटांच्या आत. हे आकडे दाखवून मुले मुळातच खोटारडी असतात असे सांगणारे वकील सर्व देशांत आढळतात. पण प्रयोगाच्या दोन्ही गटांतील मुले एकसारखीच होती. फरक केला होता तो विचारणाऱ्यांनी.

आपल्या घरांत आणि शाळांत मुलांशी बोलण्याची जी रीत पडली आहे, ती या दृष्टीने पाहिल्यास फारशी आश्वासक नाही. ‘त्यानं तुला मारलं ना?’ या प्रश्नात उत्तर आयतेच भरलेले असते. ‘खरं सांग’ म्हटले की आतापर्यंतचे खोटे मानले गेले अशी मुलाची समजूत होते. ‘तू ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात नसला तरी ऐकणारीच्या कानी दोषारोप होऊनच पडतो. शिवाय गुरुजी वर्गात जे विचारतात त्याचे उत्तर गुरुजींना आधीच ठाऊक असते आणि ‘माहीत नाही’ म्हणणे तेथे अपराध असतो. सबब मूल अंदाजाने उत्तर देते, आणि तोच प्रश्न पुन्हा आला की पहिले उत्तर चुकले असे समजून ते बदलते. म्हणून शास्त्रशुद्ध मुलाखतीचा पहिला भाग ही सवय मोडण्यातच जातो. माहीत नसेल तर तसे सांगायचे आणि मी चुकले तर मला अडवायचे, हे मुलास आधी सांगावे लागते, आणि नुसते सांगून न थांबता सात वर्षांच्या मुलीस ‘तू दोन वर्षांची आहेस असं मी म्हटलं तर काय म्हणशील?’ असे विचारून तिला मोठ्या माणसाची चूक दुरुस्त करण्याचा धीर द्यावा लागतो. मग गेल्या गणपतीत किंवा शाळेच्या सहलीत काय काय झाले हे पहिल्यापासून सांगावयास लावून तिची जीभ मोकळी करावयाची, आणि त्यानंतरच ‘आज तू मला भेटायला का आली आहेस, ते सांग’ एवढेच म्हणून गप्प राहावयाचे. पुढचा प्रश्न ‘आणि मग काय झालं?’ हा; त्यापुढचा, मुलीच्याच तोंडचा एखादा शब्द उचलून, ‘त्याबद्दल आणखी सांग’ हा. हो-नाहीचे प्रश्न अगदी अखेरीस, आणि तेही निरुपाय झाल्यास. यांतील सर्वांत कठीण भाग कोणता असे मला विचारले, तर मी गप्प राहणे हाच सांगेन, कारण मुलाचे चार क्षणांचे मौन प्रौढ माणसाला सोसवत नाही आणि त्या अस्वस्थतेतच सूचक प्रश्न जन्मास येतो.

हे सारे नियम एका दिवसात सांगून होतात, आणि अडचणीस सुरुवात होते ती येथून. मायकेल लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य व मानवविकास संस्थेत मुलाखतीचा एक लेखी मसुदा सिद्ध केला, आणि तो इस्राएलात, जेथे १९५५ च्या कायद्यापासून चौदा वर्षांखालील मुलांची चौकशी खास बालचौकशी अधिकारीच करतात, तेथे देशभर वापरात आला. अशा मुलाखतींच्या प्रशिक्षणांच्या अभ्यासात वारंवार असे दिसून आले की वर्गास बसलेल्यांना नियम तोंडपाठ होतात, आपली पद्धत बदलली असा त्यांचा प्रामाणिक समजही होतो, पण त्यांच्या मुलाखतींची अक्षरशः उतरवलेली प्रत पाहिली तर प्रश्न जवळजवळ पूर्वीचेच असतात. प्रश्न बदलले ते तेव्हाच, जेव्हा प्रत्येक अधिकाऱ्याच्या प्रत्यक्ष मुलाखतींच्या प्रती जाणकाराने ओळीओळीने तपासून त्याच्याशी चर्चा केली, आणि पुन्हा पुन्हा केली. ही तपासणी थांबताच काही महिन्यांत गाडी जुन्या वळणावर आली. ऑस्ट्रेलियात मार्टिन पॉवेल यांनी मुलाची भूमिका वठवणाऱ्या प्रौढांसमोर सराव करून घेण्याची पद्धत रुळवली. मोकळ्या प्रश्नास हकीकत आणि बंद प्रश्नास एका शब्दाचे उत्तर मिळाले, की विचारणाऱ्यास आपली चूक जागच्या जागी कळते. नाशिकच्या पोलीस अकादमीत कवायत एका व्याख्यानात आटोपत नाही. प्रश्नाची कवायत मात्र एका व्याख्यानात आटोपावी, ही अपेक्षा कशाच्या बळावर धरली जाते हे मला उमगलेले नाही.

आपल्याकडे तर प्रत तपासावी म्हटले तरी प्रत नसते. पोलिसी जबाब ज्यांनी वाचला असेल त्यांना त्याचा घाट ठाऊक आहे: ‘मी वरील पत्त्यावर माझे आईवडिलांसह राहण्यास असून इयत्ता दुसरीत शिक्षण घेते. विचारले वरून सांगते की, सदर इसम हा आमचे शेजारी राहण्यास असून...’ दुसरीतली कोणती मुलगी असे बोलते? जबाब मूल बोलेल तसा नोंदवावा असे २०१२ च्या अधिनियमाचे २६ वे कलम स्पष्ट सांगते. पण लेखनिकाचा हात शतकभराच्या शिरस्त्याने चालतो, आणि त्या शिरस्त्यात मुलाची बोली तर हरवतेच, पण प्रश्नही समूळ नाहीसा होतो. ‘विचारले वरून’ या दोन शब्दांच्या मागे काय विचारले, कितीदा विचारले, होकार मुलाने आपण होऊन दिला की त्याच्या तोंडी घातला, हे नंतर कोणासच सांगता येत नाही: ना न्यायाधीशांस, ना बचावाच्या वकिलास, ना त्या फौजदारबाईंना स्वतःला. मग मुलाने आईला सांगितलेले, डॉक्टरांनी लिहून घेतलेले, पोलिसांनी नोंदवलेले आणि दंडाधिकाऱ्यांपुढचे अशा चार हकीकती शेजारी ठेवून उलटतपासणीत विसंगती काढली जाते. त्या चौघांनी चार वेगळे प्रश्न विचारले होते, हे दप्तरात कोठेच नसते. नातेवाइकांनी मूल पढवले की काय याची शहानिशा न्यायालय डोळ्यांत तेल घालून करते. प्रश्नकर्त्याकडून अजाणता झालेली पढवणूक मात्र कागदावर उमटतच नाही.

म्हणून त्याच २६ व्या कलमातील, जबाब शक्य तेथे दृक्‌श्राव्य साधनानेही नोंदवावा, हे पोटकलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुराव्यासाठी तर आहेच, पण त्याहून अधिक, प्रशिक्षणासाठी. महिन्याकाठी एका अधिकाऱ्याची एक ध्वनिमुद्रित मुलाखत, नावगाव वगळून, उतरवून घ्यावी, तीतील मोकळे प्रश्न किती आणि सूचक किती ते मोजावेत, आणि वरिष्ठाने दोषारोप न करता तासभर त्या अधिकाऱ्यासमवेत ती वाचावी, इतकेच करावयाचे आहे. दोनतीन वर्षांनी बदली होऊन चोरी-दरोड्याच्या तपासावर जाणाऱ्या अधिकाऱ्यावर ही मेहनत फुकट जाईल, हा आक्षेप खरा आहे. तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात काही अधिकारी याच कामास नेमून तेथेच राहू द्यावेत. इस्राएलप्रमाणे मुलाऐवजी चौकशी अधिकाऱ्यानेच साक्ष द्यावी, असे मी सुचवणार नाही. आरोपीचा उलटतपासणीचा हक्क आपण राखला आहे आणि तो राखलाच पाहिजे.

एक बाब राहिली. मेळघाटातले मूल कोरकूत बोलते, गडचिरोलीकडचे गोंडीत किंवा माडियात, नंदुरबारच्या डोंगरातले भिल्लीत किंवा पावरीत. दुभाषी द्यावा असे कायदा म्हणतो. पण दुभाषी बहुधा जवळपासचा, आरोपीस ओळखणारा, आणि स्वतः कोणत्याही वर्गास न बसलेला असतो. फौजदारबाईंनी ‘काय झालं ते सांग’ असे कितीही शुद्धपणे विचारले, तरी तो आपल्या भाषेत ‘अमक्यानं तुला हात लावला का?’ असे करून विचारणार, आणि पलीकडे बसलेल्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही. म्हणून मुद्रण दोन्ही भाषांचे हवे. ते ती भाषा जाणणाऱ्या दुसऱ्या, बाहेरगावच्या माणसाने ऐकून मूळ प्रश्न काय होता ते लिहून द्यावे, आणि दुभाष्यालाही ते वाचून दाखवावे. या दुसऱ्या माणसाच्या भत्त्याची तरतूद तपासाच्या खर्चातच आधीपासून असावी, कारण उद्या त्यालाही न्यायालयाचे समन्स येऊ शकते.