पुढची चाके की मागची?

श्रोतेहो, आजचा विषय मोटारीचा आहे, पण सुरुवात बैलगाडीने करतो. ज्याने कधी कडब्याची गाडी भरली आहे, त्याला उलाळ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते आणि बैल कितीही ताकदीचे असले तरी त्यांना जोर करता येत नाही. अशा वेळी शहाणा गाडीवान काय करतो? बैल सोडून गाडीच्या मागे जुंपतो का? नाही. तो मागच्या चार पेंढ्या उचलून पुढे टाकतो. हा गाडीवान ध्यानात ठेवा. शेवटी आपल्याला त्याच्याकडेच यायचे आहे.

भूम तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी एकदा माझ्याकडे आला. घरी दुभती जनावरे, दूध खव्याच्या भट्टीला घालायचे, आणि ने-आण करायला एक जुनी मारुती ८००. भूमकडचा मुलूख तुम्हाला ठाऊक आहे. बालाघाटाचे उतार, त्यात वस्तीवरून सडकेला येणारी वाट चढाची आणि मातीची. पावसाळ्यात चाळीस लिटरचे पाच कॅन मागे भरून निघाला की त्या चढावर गाडी अडकायची. एका संध्याकाळी ती दोन तास तिथेच उभी राहिली आणि दोनशे लिटर दूध नासले. भट्टीवाल्याने कॅन उघडून पाहिले आणि तसेच परत पाठवले.

तो म्हणाला, "गुरुजी, इंजिन चांगलं हाय, पर पुढची चाकं नुसती गरगर फिरायल्यात. माघं वजन, आन् ताकद पुढं! म्या ठरवलंय, गाडीची ताकद मागच्या चाकाला द्यायची. एक फिटर तयार हाय. एक म्हैस इकावी लागल."

मी म्हणालो, "म्हैस विकण्याआधी आजची रात्र माझ्याकडे राहा. आपण हिशेब करू." तो हिशेब आज मी तुमच्यापुढे ठेवणार आहे. शिक्षक मित्रांनी हे आकडे जरूर टिपून घ्यावेत. सातवी-आठवीच्या मुलांनाही ते समजतील.

चाक गाडी ओढते ते जमिनीवरच्या पकडीच्या बळावर, आणि ही पकड त्या चाकावर जितका भार असेल त्या प्रमाणात मिळते. ओल्या मातीवर ती भाराच्या पाचव्या हिश्शाइतकी धरू. दहा फुटांत एक फूट असा चढ असेल, तर गाडी वर न्यायला तिच्या एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका जोर लागतो. आता गोल आकडे घेऊ. रिकामी गाडी ६५० किलो. इंजिन पुढे असल्याने ४०० किलो पुढच्या चाकांवर, २५० मागच्या. चढायला जोर लागतो ६५ किलोचा, पुढच्या चाकांची पकड मिळते ८० किलोची. गाडी चढते. आता मागे पाच कॅन ठेवा. दूध आणि कॅनचे पत्रे मिळून धरा २५० किलो, आणि हे सारे मागच्या चाकांच्या वर. एकूण वजन झाले ९००. जोर लागतो ९० किलोचा. पुढच्या चाकांवरचा भार मात्र ४०० चाच राहिला, म्हणून पकड तीच ८० किलोची. चाके जागेवर फिरणार. तिथे इंजिनाची ताकद दुप्पट केली तरी चिखल दुप्पट उडेल, एवढेच.

हीच गाडी मागच्या चाकांवर चालणारी असती तर? भरलेली असताना मागे ५०० किलो, पकड १०० किलोची. ती चढली असती. पण रिकामी असताना मागे २५० च, पकड ५० आणि गरज ६५ ची. म्हणजे रिकामी गाडी अडकली असती! तात्पर्य असे की मुलाने निदान बरोबर केले होते. औषध तेवढे तपासून पाहायचे होते.

आता ही पुढची-मागची भानगड आली कुठून ते थोडक्यात पाहू. शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिची फियाट आणि हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसॅडर या गाड्यांत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना असे. पुढच्या चाकाने ओढणारे वाहनही आपल्या खेड्यांना नवे नव्हते. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीचा तीनचाकी टेम्पो जुन्या मंडळींना आठवत असेल. त्याचे इंजिन पुढच्या एकुलत्या चाकाशी आणि ताकदही त्याच चाकाला. इकडे इंग्लंडमध्ये १९५९ साली मिनी ही छोटी मोटार निघाली. तिच्यात इंजिन आडवे बसवून ताकद पुढच्या चाकांना दिली होती. त्यामुळे जागा वाचली, वजन कमी झाले आणि लहान गाडीत चार माणसे ऐसपैस बसू लागली. आपल्याकडे तीच आडव्या इंजिनाची पद्धत मारुती ८०० ने घरोघर पोहोचवली. ही गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले.

पण खरी गंमत पुढे आहे. १९८४ साली त्याच कंपनीने व्हॅन काढली, तिलाच पुढे ओम्नी म्हणू लागले. तिलाही ७९६ सीसीचे तेच तीन सिलिंडरचे इंजिन होते. ते पुढच्या सीटखाली उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवून लांब शाफ्टने मागची चाके फिरवली होती. एकच इंजिन, माणसे नेणाऱ्या गाडीत ते पुढची चाके ओढते आणि ओझे नेणाऱ्या गाडीत मागची चाके ढकलते. पण हे करताना कारखान्याने ८०० कापून व्हॅन बनवली नाही. सांगाडा, तळ, मागचा आस, कमानीचे पाटे, सारे वेगळे केले. का केले असेल?

त्याचे उत्तर गाडीखाली वाकून पाहिले की मिळते. ८०० मध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन चाकांना गरजेप्रमाणे कमी-जास्त फिरू देणारे डिफरेन्शियल हे सारे पुढे एकत्र जोडलेले असते. मागचा आस नुसता भार वाहतो. ताकद मागे न्यायची तर पहिल्याने इंजिन काटकोनात फिरवावे लागेल. ते फिरवले की त्याच्या मागे लागणारा लांब गिअरबॉक्स बॉनेटमध्ये मावत नाही, चालकाच्या पायापुढचा पत्रा कापून आत येतो. तिथून शाफ्ट मागे न्यायला तळाच्या मधोमध पन्हळ लागते. ती नसेल तर तळ कापा. आणि इथेच घात आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला खाली लोखंडी चौकट असते, तशी या गाडीला नाही. घडी घातलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. तळ कापणे म्हणजे घराची तुळई कापणे.

पुढे शाफ्ट. साठच्या वेगाला तो मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे घेतो. दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत नसतील किंवा शाफ्ट किंचित वाकडा असेल, तर आधी थरथर सुरू होते, मग वेल्डिंग तुटते आणि सुटलेला शाफ्ट माणसांच्या पायाखालीच आपटतो. मग मागचा आस. आजवर तो निमूट मागे येत होता, आता तो गाडी ढकलणार. जिथे तो जोडला आहे तिथला पत्रा या ढकलण्यासाठी केलेलाच नाही. शिवाय ब्रेकची वाटणी, पेट्रोलच्या टाकीची जागा. एक गोष्ट हलवली की पाच हलतात.

काही गॅरेजवाले यावर तोड सांगतात. पुढचे सगळे यंत्र, इंजिन-गिअरबॉक्स-चाकांसकट, उचलून मागेच बसवायचे, शाफ्ट नको आणि पन्हळ नको. ऐकायला सोपे. पण पुढची चाके वळणारी असतात. ती मागे नेली की त्यांचे वळणारे दांडे सांगाड्याला पक्के जखडावे लागतात. त्यातला एक बोल्ट घाटात ढिला झाला तर काय होईल? मागचे चाक आपल्या मर्जीने वळेल. आपल्या तुळजापूरच्या घाटातून यात्रेच्या दिवसांत पायी जाणारे लोक डोळ्यांपुढे आणा. मला वेगळे काही सांगावे लागणार नाही.

कायद्याचेही ऐका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या आणि आर. सी. बुकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला परवानगीवाचून करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. आणि अपघात झालाच तर विमा कंपनी पहिला प्रश्न याच बदलाचा करील.

म्हणून काय आपल्या कारागिरांनी हात बांधून बसायचे? मुळीच नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी चारचाकी बनवली, तीही दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात ती देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केले, पण त्याच वेळी हेही सांगितले की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवतील. म्हणून त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत ती लोहार कुटुंबाला मिळाली. हातातल्या कसबाला मान आहेच. पण रस्ता हा सर्वांचा असतो आणि तिथे नुसते कसब पुरत नाही.

आता आपल्या दूधवाल्याकडे येऊ. रात्री जेवणानंतर पाटीवर आकडे मांडले. मी विचारले, "कॅन मागेच का ठेवतोस?" तो म्हणाला, "मागचं दार उघडलं की ठेवायला सोपं पडतंय." अहो, तीच तर उलाळ! दुसऱ्या दिवशी आम्ही तीन कॅन पुढच्या सीटच्या पाठीला भिडवले आणि दोन चालकाशेजारच्या जागेत ठेवले. ब्रेक लागला तर अंगावर येऊ नयेत म्हणून सारे दोराने पक्के आवळले. दोराचे काम हयगयीने करू नका बरं का. या मांडणीने २५० किलोंपैकी सुमारे शंभर किलो पुढच्या चाकांवर आले. पुढचा भार झाला ५००, पकड १०० ची आणि गरज तीच ९० ची. त्या सकाळी रात्रभराचा पाऊस झालेला होता. गाडी एकदा घसरली, दम खाल्ल्यासारखी थांबली आणि हळूहळू चढून सडकेला लागली.

दहा किलोंचे अंतर काही फार नाही. झिजलेले टायर असतील किंवा चिखल दाट असेल तर तेही संपेल. म्हणून पुढच्याच आठवड्यात त्याने चढाच्या तीसेक फुटांवर दोन ट्रॉल्या मुरूम टाकून दाबून घेतला. पाऊस फार असेल त्या दिवशी दूध दोन खेपांत न्यायचे ठरले. म्हैस दावणीलाच राहिली. पुढे व्याप वाढला तेव्हा त्याने ८०० विकून, कागदपत्रे नीट तपासून, जुनी व्हॅन घेतली. मागच्या चाकांवर चालणारी गाडी हवी असेल तर तशी मुळात बनवलेलीच घ्यावी.

शिक्षक मित्रांनो, वर्गात एक प्रयोग करा. सेलवर चालणारी खेळण्यातली मोटार घ्या. एक फळी तिरकी ठेवून तिच्यावर थोडे पीठ भुरभुरवा. मोटारीची फिरणारी चाके पुढची की मागची ते मुलांना शोधू द्या. मग एक लहान दगड आधी त्या चाकांवर आणि नंतर दुसऱ्या चाकांवर बांधून गाडी चढवा. एकदा ती चढेल, एकदा चाके नुसती पीठ उडवतील. का, ते लगेच सांगू नका. एखाद्या गाडीवानाच्या मुलाला विचारा. तो म्हणेल, "गुरुजी, गाडी उलाळ झाली." तिथून पुढचा धडा त्याच्याच तोंडून पुरा करून घ्या.

आणि ज्या तरुणांच्या हाताला पाना-पकड धरल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी भंगारातले जुने इंजिन, शाफ्ट, क्राउन-पिनियन आणावे, शेडमध्ये लोखंडी घोड्यावर मांडावे, उघडावे, फिरवून पाहावे. खूप शिकायला मिळेल. पण ज्या गाडीत उद्या आई, बायको, पोरे बसणार आहेत, तिचा तळ कापण्याआधी एकदा तिच्या पोटातले ओझे पुढे सरकवून पाहावे.