हस्तपत्रकाची कोरी बाजू

(परळ येथील स्मृतिसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पतीने पत्नीविषयी जाहीर सभेत बोलावे की नाही, याबद्दल माझ्या मनात संकोच होता. घरचे दुःख घरात ठेवावे, अशा संस्कारात आमची पिढी वाढली. परंतु जिच्या आठवणीसाठी आपण जमलो आहोत, तिने छत्तीस वर्षे गिरणगावातील मुलांना चित्रकला शिकविली. तेव्हा तिच्यावर या वस्तीचाही हक्क आहे, असे आपल्यापैकी काहींनी मला बजावले. शिवाय मला एक कबुली द्यावयाची आहे, आणि ती घरात देऊन भागण्यासारखी नाही.

तिचा जन्म गिरगावातील एका चाळीतला. १८५७ साली सुरू झालेले सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण तेथील अनेक वर्षांचा अभ्यासक्रम घरच्यांना परवडणारा नव्हता. म्हणून तिने चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली. रावबहादूर धुरंधरांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन तिच्या उशाशी असे. आपल्याला एकेचाळीस काही गाठता आली नाहीत, असे निवृत्तीच्या दिवशी ती हसून म्हणाली होती.

जून १९८१ मध्ये ती लालबाग-परळ भागातील एका माध्यमिक शाळेत रुजू झाली. पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मी त्या वेळी अर्थशास्त्राचा नवखा अधिव्याख्याता होतो. संपकऱ्यांच्या कुटुंबांची पाहणी करण्यासाठी छापील प्रश्नावली घेऊन मी चाळीचाळीतून हिंडत असे. घरभाडे किती थकले, वाण्याची उधारी किती, भांडी मोडीत घातली काय, असे विचारून रकाने भरीत असे. एका खोलीत भिंतीवर किटलीचे चित्र चिकटवलेले दिसले. कागद ओळखीचा वाटला म्हणून कोपरा उचलून पाहिला, तर मागे आमचेच हस्तपत्रक! १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, या मागणीवरचा तो मजकूर मी दोन रात्री जागून लिहिला होता. किटलीखाली लाल पेन्सिलीने शेरा होता : ‘झाकण तिरके.’

मी रागारागाने शाळेत गेलो. बाई शांतपणे म्हणाल्या, “एकाच बाजूला छापता, हे फार बरं करता. पुढच्या वेळी कागद तेवढा जाड घ्या. रंग फुटतो.”

अशी आमची ओळख झाली. त्यानंतर उरलेल्या हस्तपत्रकांचे गठ्ठे मीच नेऊन देऊ लागलो, आणि १९८४ मध्ये आम्ही नोंदणी पद्धतीने विवाह केला. कार्यालयातील सहकाऱ्यांना वाटे की वाटप चोख चालले आहे.

संपाच्या त्या वर्षांत रंगपेटी मागवणे शक्यच नव्हते. कित्येक मुले मध्येच कोकणात, साताऱ्याकडे गावी पाठविली गेली. उरलेल्यांना ती गेरू, हळद, कोळसा आणि कपड्यांची नीळ यांवर रंगवायला शिकवी. निळीत हळद मिसळली की हिरवा होतो, हे कळल्यावर वर्गात जो गलका झाला, तो ऐकून मुख्याध्यापक धावत आले म्हणे.

परंतु तिच्याविषयी भाबडे बोललेले तिला खपले नसते. ती कडक होती. सरकारी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुले बसवायची, तर वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन सर्व नीट आलेच पाहिजे. गरीब आहे म्हणून झाकण तिरके चालणार नाही. एकदा तिने स्मरणचित्राला विषय दिला, ‘गिरणीची पाळी सुटते तेव्हा’. स्मरणचित्रात माणसांच्या आकृती हव्यातच, ही तिची अट. एका मुलाने दरवाजा काढला, चिमणी काढली, आणि माणूस एकही नाही. गुण कापले जातील, ती म्हणाली. मुलगा म्हणाला, “बाई, तिथं कोण नसतंच आता.” तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, “पोलीस असतात ना? मग ते काढ.” त्याने तिघे काढले. एक जण तंबाखू मळतो आहे. ते चित्र माझ्या सर्व तक्त्यांपेक्षा खरे होते. माझा अहवाल पुढे कोणी उघडून पाहिल्याचे मला तरी ठाऊक नाही.

आता कबुलीचे. मोर्चाची आदली रात्र आली की आमचे कार्यकर्ते घरी येत. बाईंचे अक्षर सुंदर. फलक त्यांच्याकडूनच करून घ्या! ती पहाटेपर्यंत जमिनीवर बसून कापडी फलक रंगवी. मजकूर आम्ही ठरवीत असू. इतक्या वर्षांत आमच्या अभ्यासवर्गात तिला एकदाही बोलावयास सांगितले गेले नाही, आणि त्या अभ्यासवर्गांचा आखणीकार मी होतो. कला म्हणजे चळवळीची सजावट, अशी आमची समजूत होती. काही अंशी ती आजही आहे. एकदा मी रस्किनवर व्याख्यान देऊन घरी आलो. त्याच्या ‘अन टू धिस लास्ट’मुळे गांधीजींना ‘सर्वोदय’ कसा सुचला, हे मी रंगवून सांगितले होते. ती म्हणाली, “तुझा रस्किन लंडनच्या कामगारांच्या कॉलेजात चित्रकला शिकवायचा, ते सांगितलंस का?” नव्हते सांगितले. हे अर्थशास्त्रावरचे निबंध त्याने १८६० मध्ये लिहिले. कामगारांना चित्रकला शिकविणे १८५४ पासूनचे. हा क्रम मला महत्त्वाचा वाटला नव्हता. तिचे म्हणणे असे की, वस्तू नीट पाहावयास शिकलेल्या माणसालाच ती कोणी व कशी केली हा प्रश्न पडतो.

पुढे गिरणीच्या जमिनींचा प्रश्न आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला आणि तिसरा हिस्सा घरांसाठी म्हाडाला ठरविला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती आकसली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. आम्ही परिपत्रके काढीत होतो. ती शनिवारी दुपारी आठवीच्या मुलांना घेऊन चिमण्या काढावयास जात असे. “पाडल्यावर काढता येणार नाहीत,” एवढेच कारण. मला तो वेळेचा अपव्यय वाटला, आणि मी तसे बोलूनही दाखविले.

मित्रहो, ती २०१७ मध्ये निवृत्त झाली. तिची जागा भरली गेली नाही. शाळेचे नाव मी सांगत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा विषय सक्तीचा असावा असे म्हटले. २०२० चे शैक्षणिक धोरण कला आणि विज्ञान यांत भिंत नको म्हणते. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची काढून पाहा. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी शिक्षक नव्हेत, ‘अंशकालीन निदेशक’! गिरणीत ज्याला आपण बदली म्हणत होतो, त्याचाच हा शाळेतला अवतार. ज्यांना परवडते त्यांची मुले शुल्क भरून चित्रकलेच्या वर्गाला जातात. ही गोष्ट आमच्या मागण्यांच्या यादीत आजवर नाही. यादी करणाऱ्यांत मीही होतो.

शेवटच्या आजारात तिचा हात थरथरू लागला होता. तरी खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी ती रोज काढी. मी कौतुक करू लागलो की म्हणे, “उगाच बरं म्हणू नकोस. रेषा कुठे चुकली ते सांग.” मला ते कधीच सांगता आले नाही.

तिच्या कपाटात मुलांच्या चित्रांचे अकरा गठ्ठे निघाले. बहुतेकांवर नाव, इयत्ता आणि वर्ष आहे. बाहेरच्या मेजावर मी ती वर्षवार लावून ठेवली आहेत. आज येथे तिचे पुष्कळ विद्यार्थी आलेले दिसतात. काहींचे केस माझ्यासारखेच पिकले आहेत. आपापले चित्र शोधून घरी न्यावे. चिमण्यांची चित्रे मात्र घेऊन जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढू द्यावीत, एवढी विनंती आहे. आणि ज्या चित्रांवर नाव नाही, त्यांतले एखादे कोणाला ओळखता आले, तर मला येऊन सांगावे. पोलिसांचे चित्र त्यांतच आहे.