थंडी आणि रात्रीची पाळी
(निफाड तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



थंडी पडली कीं शहरांतील वर्तमानपत्रांना ती ‘गुलाबी’ दिसते. आम्ही या तालुक्यांत पोरें शिकवितों. आम्हांला तिचा रंग पोरांच्या फुटलेल्या ओठांवर आणि त्यांच्या बापांच्या टाचांच्या भेगांत दिसतो. २०१८ सालच्या डिसेंबर अखेरीस येथें पारा दोन अंशांखालीं उतरला होता. उत्तरेकडचा कोरडा वारा सुटला आणि आभाळ निरभ्र राहिलें, कीं जमिनीची ऊब रातोरात निघून जाते व जड गार हवा गोदाकांठच्या सखल रानांत सांचते. हा निसर्ग आहे; त्याच्याशीं आमचें भांडण नाहीं.

गव्हाला हीच थंडी मानवते. द्राक्षाचें उलट. पाणी उतरलेला मणी पहाटेच्या गारठ्यानें तडकतो आणि कर्ज काढून उभी केलेली बाग डोळ्यांदेखत हातची जाते. म्हणून माणसें अपरात्रीं उठून ओळींमधून काडीकचऱ्याच्या शेकोट्या पेटवितात, धूर करितात. विहिरीचें पाणी त्या वेळीं हवेपेक्षां उबदार असतें, तें बागेला सोडतात. तेव्हां द्राक्षवाल्याला अशा रात्रीं वीज हवीच, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण कांद्याला आणि गव्हाला रात्रींच पाणी द्यावें, असें कोणत्या शास्त्रांत लिहिलें आहे? शेतीची वीज पाळीनें येते. पाळी रात्रीची आली, कीं कुणब्यानें चिखलांत उभें राहून दारें धरावयाचीं. ओल्या हातानें स्टार्टर दाबावयाचा, आणि शेजारच्या उसांत बिबट्या! दिवसा वीज देण्यासाठीं सौर वाहिनीची योजना २०१७ सालीं निघाली. जेथें ती पोंचली तेथील लोक सुखानें झोंपतात. ज्यांच्या बांधापर्यंत ती आली नाहीं, त्यांनीं आणखी किती हिवाळे काकडावें?

आतां आमच्या पंतोजीपणाची गोष्ट सांगतों. आमच्या वर्गांत एक पोरगा रोज पहिल्या तासाला पेंगत असे. आम्हीं त्याला दोन दिवस उभें केलें, आळशी म्हटलें. तो कांहीं बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्याच्या पायांकडे आमचें लक्ष गेलें. घोट्यापर्यंत काळी माती वाळली होती. बाप फावड्यानें दारें मोडी आणि हा बांधावर बॅटरी धरून उभा राही. पहाटे वीज गेली म्हणजे दोघे घरीं येत, आणि तोंडावर पाणी मारून हा शाळेंत येई. पोरगा आमच्यापेक्षां जास्त काम करून आला होता, आणि आम्ही त्याला उद्योगाचे धडे देत होतों!

तेव्हांपासून आम्ही हजेरीपटाच्या कडेला रात्रीच्या पाळीचे दिवस टिपून ठेवितों. कोण आलें नाहीं आणि कोण येऊन झोंपलें, हें त्या दिवसांशीं ताडून पाहतां येतें. आपणांस ठराव करून वरिष्ठांकडे धाडावयाचा असेल, तर त्या टिपणाची नक्कल आम्हीं पोरांचीं नांवें गाळून येथें आणली आहे. ती या टेबलावर ठेवितों.